हिरवट काच

कोपऱ्यावरच्या बेकरीच्या कपाटाला सकाळचं ऊन लागलं की एकच काच हिरवट दिसते. ती नंतर बसवलेली आहे.

खूप वर्षांपूर्वी गावात दंगल झाली तेव्हा मी वार्ताहर होतो. मिरवणुकीवर दगड आला. तो कुणी मारला हे मी पाहिलं नव्हतं, पण सगळे म्हणत होते म्हणून ‘विशिष्ट समाजाच्या जमावाने’ असं लिहिलं. नाव न घेण्याची आमची ती सभ्य रीत. वाचणाऱ्याला नाव बरोबर कळायचं. बातमी आली त्याच दुपारी लोक हमीदभाईंच्या बेकरीवर चालून गेले. फुटलेल्या काचेनं त्यांच्या धाकट्या भावाचा डोळा गेला.

आता मोबाइलवर तेवढी सभ्यताही उरलेली नाही. शेजारी सरळ म्हणतात, “अहो, त्यांच्याकडचा पाव बंद करा!”

काल मी हमीदभाईंना म्हणालो, “ती बातमी माझी होती. मी काहीच पाहिलं नव्हतं.”

त्यांनी पावाच्या पुड्याला गाठ मारली.

“मला काय सांगता, साहेब? ज्यांनी वाचली त्यांना सांगा.”

म्हणून हे लिहितो आहे. ती वाचणारे आता किती उरलेत, कोण जाणे.