डाव्या हातावर
ओव्याच्या धुरीचा वास आला की साठ वर्षांपूर्वीची ती दुपार आठवते. पहिल्या बाळंतपणासाठी मी मुळशी धरणाच्या पाण्यापलीकडं माहेरी आले होते. वाडीत सुईण एकच, माझ्या जन्माच्या वेळी ओढताना माझा उजवा हात कायमचा लुळा करून बसलेली. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडला. “मावशी, वढू नगा,” मी कशीबशी म्हणाले. तिचे हात जागीच थांबले. “न्हाई वढत, पोरी. पालथी हो, रांगत्या लेकरावानी.” एकट्या डाव्या हातावर मी सगळं अंग तोललं. तो ढळला नाही. खांदा सुटला, मुलगी झाली. सुईणीनं नाळ कापायच्या आधी बाळाचे हात पाहिले, आणि दोन्ही हलले तशी ती मटकन खाली बसली. आता माझा तो डावा खांदाही झिजलाय. माझी वेणी लेकच घालते, दोन्ही हातांनी.