खंडेनवमीचा निळा रंग

“विंग्रजी शाळेत शिकून राह्यली ना? मंग मोटर बी वाचंल की,” मिस्त्री काकांना म्हणाला. त्यानं आवाज खाली ठेवला होता, पण नदीकाठी हळू बोललेलंच जास्त ऐकू येतं.

मी नावेतल्या फळीवर बसले होते. मांडीवर मोटरचं माहितीपुस्तक. दिवाळीच्या सुट्टीत औरंगाबादहून गावी आले की मला कुणी तांदूळ निवडायला सांगत नसे. इंग्रजी वाचायला देत. औषधाची बाटली, फवारणीचा डबा, आणि आता ही मोटर. इंग्रजी येणारीला इंग्रजीत लिहिलेली प्रत्येक वस्तू आतून दिसते, अशी घरात समजूत होती. मी ती कधी मोडली नाही, कारण मोडायला बोलावं लागलं असतं.

आमचं गाव परतूर तालुक्याच्या टोकाला, गोदावरीच्या काठावर. काका माणसं, सायकली, शेळ्या पलीकडे बीड जिल्ह्यात पोचवत. आधी वल्ह्यानं. मग बैलगाडीवरून पडून त्यांचा उजवा खांदा कायमचा गेला, तेव्हा त्यांनी पुरात वापरलेल्या, मोडीत निघालेल्या नावेची मागे लावायची जुनी मोटर आणली. तिला दोरी ओढायची गरज नव्हती. बटण दाबलं की ती बॅटरीवर सुरू होई, आणि एकदा सुरू झाली की तीच बॅटरी भरत राही.

दसऱ्यापासून मात्र बॅटरी भरेना. परतूरहून चार्ज करून आणली की थोडे दिवस बरे जात, मग बटण नुसतं टक्क करी. काका पलीकडच्या काठावर अडकत आणि कुणा उतारूला दोरी ओढायची विनवणी करत. खांद्यापेक्षा त्यांना ती विनवणी जास्त दुखे. शेवटी माजलगावकडच्या एका मच्छीवाल्याला त्यांनी सांगून टाकलं, की आज मिस्त्रीला नाही जमलं तर मोटर घेऊन जा. मच्छीवाला सकाळपासून काठावर बसून शेंगा फोडत होता. त्याला घाई नव्हती.

मिस्त्रीनं दुसरी बॅटरी लावून पाहिली, फ्यूज पाहिला, वायरी ओढून पाहिल्या. दोरीनं मोटर सुरू करून बॅटरीला मीटर लावला. मोटर ओरडत होती, काटा झोपलेला.

“आतली वीज करनारी कॉइल गेली, अण्णा. हिची कॉइल आता भेटत न्हाई.”

“वाच माय, काय लिव्हलंय?” काका मला म्हणाले.

मी वाचलं. बॅटरी जुनी आहे का, वायर सैल आहे का. सगळ्याला उत्तर ‘नाही’ असेल तर जवळच्या विक्रेत्याला भेटा.

“म्हंजी?”

“दुकानदाराला विचारा म्हणे.”

“हे तं म्या बिनशाळेचं सांगितलं अस्तं,” मिस्त्री म्हणाला. मच्छीवाला मनापासून हसला.

चहा घेऊन आलेली काकू म्हणाली, “इतकी नटवायची कशाला म्हन्ते मी? नजर लागली.”

नटवली होती खरी. आमच्याकडे खंडेनवमीला विळ्या-नांगरापासून सगळी अवजारं धुऊन पुजतात. काकांनी मोटर नुसती धुतली नाही. सगळी खोलून, दाराचा उरलेला निळा ऑइलपेंट तिच्या एकेका भागाला दोनदा दिला. बॅटरी भरणारी छोटी डबी काढून तिची खालची बाजूसुद्धा रंगवली, मगच बोल्ट आवळले. उघडं लोखंड कुठं दिसायला नको म्हणून. वर कुंकू, झेंडूची माळ. गाव बघायला आलं होतं.

मी पुस्तकातल्या आकृतीकडे पाहत राहिले. डबीला वीज परत जायची वायरच नव्हती. डबी मोटरच्या अंगाला टेकते, तीच तिची परतीची वाट. तिथे आता दारासारखा चकचकीत रंग होता. शाळेच्या प्रयोगशाळेत तारेवरचं वार्निश न खरवडल्यानं माझा बल्ब पेटला नव्हता आणि बाईंनी ते सगळ्या वर्गाला दाखवलं होतं. असं शिकलेलं विसरत नाही.

म्हणजे मला कळलं होतं. आता फक्त एवढंच सांगायचं होतं, की काका, तुमची मोटर तुमच्या पूजेनं उपाशी ठेवली आहे. मिस्त्रीसमोर, काकूसमोर, शेंगा खाणाऱ्या माणसासमोर.

“काका...”

“काय माय, पाणी पाह्यजे?”

काकूनं तांब्या दिला. मी पाणी प्यायले. तहान नव्हती.

मिस्त्री मोटर नावेला धरून ठेवणारे शिकंजे सैल करू लागला. मच्छीवाल्यानं हात झटकले आणि एका बाजूनं मोटर धरली. काका पुढे झाले, डाव्या हातानं वाळलेली माळ सोडवू लागले. गाठ एका हातानं सुटेना. तरी कुणाला सोड म्हणाले नाहीत.

पुढे ती मोटर बरीच वर्षं गोदावरीत चालली, म्हणून हे आता हसत लिहिता येतं. तेव्हा माझे कान नुसते तापले होते आणि आवाज जरा जास्तच मोठा निघाला:

“काका, माळ राहू द्या! कॉइल न्हाई गेली. तुमचा रंग लई पक्का बसलाय, डबीखालचा तेवढा खरवडा.”