‘व्हय’ म्हटल्याचा गुन्हा

आधी ड्रॉइंगच्या बाईंचं सांगतो. त्या नसत्या तर विलायतेतून माझी केव्हाच परत रवानगी झाली असती, आणि मी घरी पोचलो असतो की नाही, देव जाणे.

मी औंढ्याचा. मराठी चौथीत शाळा सुटली, मग लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये कानस घासू लागलो. या जर्मन लढाईसाठी सरकारने कारागीर विलायतेला शिकायला पाठवले, त्यात माझा नंबर लागला. आई म्हणाली, “हितली शाळा टाकलीस, आन् आता समुद्रापल्याडच्या शाळंत निगालास व्हय रं?”

इथल्या वर्गांच्या खिडक्यांना काळं कापड, वरच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून. हल्ल्याचा भोंगा झाला की मास्तर बोलता बोलता थांबत, छताकडे बघत आणि तिथूनच पुढे चालू करत. दर शुक्रवारी दारावर यादी लागे. नावापुढे दोनदा तांबडी खूण आली की परतीची बोट. दोघे तसे गेले होते. त्यांची बोट पोचल्याचं अजून कुणाला कळलेलं नव्हतं. पाणबुड्यांचं नाव आम्ही काढत नसू.

कानसकामाचे मास्तर उंच, अबोल. काम दाखवून विचारत, “अंडरस्टँड?”

मी म्हणे, “व्हय.”

ते रोखून बघत आणि पहिल्यापासून सांगत. “अंडरस्टँड?”

“व्हय!” मी आणखी अदबीने म्हणे. त्यांचे कान लाल होत. ‘यस’ मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण छातीत धडधडलं की तोंडातून घरचंच निघे.

पहिली खूण आली. शिरगावचा गडी माझ्या शेजारी असे. म्हणाला, “काय घोडं मारलंस रं मास्तरचं?”

“न्हाई बा. मी तर समदं कबूल करतोय!”

पुढच्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी ड्रॉइंगच्या वर्गात माझी रेघ सरळ येईना. बाई पिकल्या केसांच्या. रेघ चुकली तर न रागावता कागद उलटा करून देत. त्यांनी किटली उचलून विचारलं, “टी?”

“व्हय.”

बाईंना ते इंग्रजी ‘व्हाय’ वाटलं. चहा का, म्हणून विचारतोय! थंडी आहे म्हणून, असं काहीसं म्हणत त्या हसल्या. मग मी पुढे केलेला कप त्यांना दिसला आणि हसू थांबलं. हा माणूस प्रत्येक गोष्टीला उलट ‘का’ विचारतो, ही माझ्याबद्दलची तक्रार मास्तरांच्या खोलीत त्यांनी ऐकली असणार.

“व्हय... यस?”

“व्हय. यस, यस!”

किटली तशीच ठेवून त्या मला कानसवर्गात घेऊन गेल्या. मास्तरांनी ऐकून घेतलं. हसले नाहीत. एक लोखंडी तुकडा माझ्यापुढे टाकला. मी घासत राहिलो. वर विमानांची घरघर. कुणीच हललं नाही, दारातल्या बाईसुद्धा. शेवटी मास्तरांनी काटकोन तपासायला तुकड्याला गुण्या लावून तो दिव्यासमोर धरला. मधून उजेडाची फट दिसली नाही.

शुक्रवारी माझ्या नावापुढे खूण नव्हती.

परवा बाईंच्या गल्लीत बॉम्ब पडला. त्या वाचल्या, काल वर्गावरही आल्या. शिक्षण संपलं की मलाही त्याच समुद्रातून परतायचं आहे. पण जगलो-वाचलो तर या बाईंचे उपकार एक दिवस फेडीन. कसे, ते अजून सुचलेलं नाही, पण फेडीन.