नावाचं पान

नगरमध्ये आमचा जून महिना खळीच्या वासाने सुरू व्हायचा. जुन्या बाजारातल्या एका बोळाच्या तोंडाशी, घरापुढच्या ओट्यावर जिल्दवाले चाचा बसायचे. समोर पातेल्यात गव्हाच्या पिठाची खळ, कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद, बाजूला पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, दाभण, मेण लावलेला दोरा, आणि चहूकडे आमची फाटकी पुस्तकं. चाचांचं खरं नाव लालमहंमद शेख. ते मला बारा वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावं असं वाटलंही नव्हतं. त्या बेफिकिरीची मला आजही लाज वाटते. पण गोष्ट त्यांची आहे, म्हणून आधी त्यांचं सांगते.

ते लढाईचे दिवस होते. कागदावर कंट्रोल, नवी पुस्तकं औषधालाही मिळत नसत. वरच्या वर्गातली मुलगी पास झाली की तिचं पुस्तक खालच्या वर्गातलीकडे यायचं. असं चार-पाच हातांतून फिरलेलं पुस्तक म्हणजे नुसत्या चिंध्या. ते पहिल्यांदा चाचांकडे जायचं. पुठ्ठाही मिळत नसे, म्हणून चाचा कापड बाजारात जाऊन ताग्यांच्या आतले पुठ्ठे मागून आणायचे. आमच्या भूगोलाला कितीतरी दिवस कोऱ्या मांजरपाटाचा वास येत असे.

प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर नावांची उतरंड असायची. ज्या ज्या मुलीकडे ते पुस्तक होतं तिचं नाव, इयत्ता, साल. आपल्या आधी कोण कोण होतं, कुणाची थोरली बहीण होती, कोण पुढे मॅट्रिक झाली, हे त्या पानावरून कळायचं आणि त्याचा आम्हाला फार तोरा असायचा. दुसरे जिल्दवाले ते पान सरळ पुठ्ठ्याला चिकटवून टाकायचे, जिल्द पक्की होते म्हणून. चाचा तसं कधीच करत नसत. ते पान ते मोकळं ठेवायचे, फाटलं असलं तर कडेने पातळ कापडाची पट्टी लावून द्यायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पोरींची नावं हायेत ना ती. गाडायची व्हय?"

गंमत म्हणजे चाचांना मराठी वाचता येत नव्हतं. लहानपणी मशिदीतल्या मौलवींकडे थोडं कुराण शिकले तेवढंच. आकडे मात्र येत. त्या आकड्यांवरून ते सुटलेली पानं बरोबर लावायचे. आकडाच फाटलेला असला तर हाक मारायचे, "हमिदा, हे बघ गं."

हमिदा त्यांची एकुलती एक मुलगी. तिची आई चांदबी. चांदबीचाचींच्या एका डोळ्यात फूल पडलेलं, दुसऱ्यानेही अंधुक दिसायचं, त्यामुळे पुस्तकं शिवायचं काम आठव्या-नवव्या वर्षापासून हमिदावर आलं. भोकांच्या खुणा करायला ती कानामागे पेन्सिलीचा तुकडा खोचून बसायची. उर्दू शाळा लांब पडते म्हणून तिला गल्लीतल्या म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत घातलेलं. त्रेचाळीस साली ती चौथी पास झाली, वर्गात पहिली. तिच्या मास्तरीण साळूबाई स्वतः ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "शेखभाई, पोर हुशार आहे. हिला हायस्कुलात घाला."

चाचा नाही म्हणणारे नव्हते. उलट हरखले. म्हणाले, "घालतो की बाई. तेवढा जून जाऊ द्या."

त्यांचं चूक तरी काय म्हणावं? जून म्हणजे त्यांची सुगी. वर्षाचं निम्मं काम त्या एका महिन्यात, आणि शिवणारे हात एकट्या हमिदाचे. शिवाय शाळा म्हणजे त्यांना ठाऊक असलेली मशिदीतली. तिथे पोर ज्या दिवशी गेलं त्या दिवशी त्याचं पहिलं अक्षर, अलिफ, सुरू. कुणी थंडीत यायचं, कुणी सुगी आटोपून. मौलवींनी कधी कुणाला परत पाठवलं नाही. मोठी शाळाही तशीच असेल, हा हिशेब त्यांनी मनाशी धरला. आणि तिथेच सगळं बिघडलं.

काम उरकता उरकता जुलै सरला. ऑगस्टमध्ये त्यांनी हमिदाला नवा कुर्ता-सलवार शिवून आणला, डोक्याला तेल लावून चांदबीचाचींनी दोन वेण्या घातल्या आणि बाप-लेक हायस्कुलात गेले. हेडबाई वाईट नव्हत्या. त्यांनी चाचांना खुर्ची दिली. पण म्हणाल्या, "अहो, पट कधीच बंद झाला. निम्मं शिकवूनही झालं. पुढच्या जूनला पहिल्याच दिवशी आणा." चाचांनी सलाम केला. हमिदाने घरी येऊन नवे कपडे घडी करून पेटीत ठेवले. पुढच्या जूनला घालायचे म्हणून अंगाला लावले नाहीत.

पुढचा जून आला तो दुप्पट काम घेऊन. शाळा भरायच्या दिवशी हमिदा तयार होऊन ओट्यावर येऊन उभी राहिली. चाचांनी ढिगाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आजच्या दिस थांब, बेटा. सोमवारी नक्की जाऊ." ती कपडे बदलून शिवायला बसली. सोमवारी ढीग आणखी वाढलेला. पंचेचाळीस साली तिने विचारलंही नाही. कुर्ता तोवर आखूड झाला होता, तो चांदबीचाचींनी शेजारच्या रजियाला देऊन टाकला. ज्या महिन्यात सगळ्या गावच्या पोरी शाळेत जात, त्या महिन्यात ही पोर त्यांची पुस्तकं शिवत बसे. मला याचा अजून राग येतो, आणि कुणावर काढावा ते कळत नाही.

पुस्तक जिल्दीला आलं की दोन-तीन दिवस ओट्यावर असे. तेवढ्यात हमिदा ते वाचायची. शिवता शिवता, मांडीवर उघडं ठेवून. इंग्रजी अक्षरं ती अशीच, कुणी न शिकवता शिकली. चाचा म्हणायचे, "डोळं फुटतील," पण हिसकावून कधी घेतलं नाही.

सेहेचाळीसच्या हिवाळ्यात तिचा निकाह झाला. तिसगावचं घर, बाजारात बांगड्यांचं दुकान. माणसं बरी होती. सत्तेचाळीसच्या भाद्रपदात तिसगावहून मोटारीने माणूस आला. बाळंतपणात हमिदा गेली, बाळही गेलं. पंधरा वर्षांची होती. चाचा पोचले तेव्हा मातीही झालेली होती. तिची म्हणावी अशी एक वस्तू त्यांच्या घरात उरली नाही. फोटो कुठला असायला?

यातलं काहीएक मला तेव्हा माहीत नव्हतं; ओट्यावर शिवत बसणाऱ्या मुलीचं नावही मी कधी विचारलं नव्हतं. मी, पुष्पावती, अठ्ठेचाळीसच्या जूनमध्ये इंग्रजी दुसरीत, म्हणजे हायस्कुलाच्या दुसऱ्या वर्गात, गेले. इंग्रजीचं पुस्तक मला वरच्या वर्गातल्या मुलीकडून मिळालं. पहिल्या पानावर पाच नावं शाईने लिहिलेली, ठसठशीत. आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये, जागा करून, पेन्सिलीने बारीक अक्षरात एक नाव: हमिदा लालमहंमद शेख, इंग्रजी दुसरी, १९४४.

वर्गात आम्ही नावं वाचून दाखवत होतो. बाई म्हणाल्या, "या नावाची मुलगी आपल्या शाळेत कधी नव्हती." झालं! पोरी लागल्या चिडवायला, पुष्पाच्या पुस्तकात भूत आहे म्हणून. मी मुलखाची तापट. मधल्या सुट्टीत रबर घेतलं आणि ते नाव खसाखसा पुसून टाकलं. पुसून त्याच जागी शाईने माझं नाव लिहिलं, इतरांपेक्षा मोठं.

तीनच दिवसांत पुस्तकाची पाठ सुटली. मी ते घेऊन चाचांकडे गेले. ते खळ लावत होते. उभ्या उभ्या मी माझं गाऱ्हाणं सांगितलं.

"बघा ना चाचा, कुणीतरी खोटंच नाव लिहून ठेवलं होतं यात. शाळेत नसलेल्या मुलीचं. म्हणे हमिदा लालमहंमद शेख!"

चाचांचा हात पातेल्यातच राहिला.

"काय नाव म्हनलीस?"

मी पुन्हा सांगितलं.

"कशानं लिवलं हुतं?"

"पेन्सिलीनं."

"कुठं हाय?"

"मी पुसलं," मी म्हणाले. अजून मला तोराच होता.

चाचांनी आत हाक मारली. चांदबीचाची भिंत धरत धरत बाहेर आल्या. चाचांनी त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं, तशा त्या मटकन खाली बसल्या. मग रडत रडत त्यांनीच मला सगळं सांगितलं. तो ऑगस्ट, तो कुर्ता, कानामागची पेन्सिल, तिसगाव. मी खांबाला धरून उभी होते.

चाचांनी ओट्यावरचा सगळा ढीग माझ्यासमोर सरकवला. "वाच," म्हणाले. "दर पुस्तकाचं पयलं पान वाच."

मी वाचत गेले. वीस-बावीस पुस्तकं असतील. कुलकर्णी, गुंदेचा, भिंगारदिवे, पुन्हा कुलकर्णी. प्रत्येक नावाला चाचा माझ्या तोंडाकडे बघत. हमिदा कुठेच नव्हती. इंग्रजी पहिलीचं पुस्तक त्याच वर्षी बदललं होतं, जुनी सगळी वाण्याकडे पुड्या बांधायला गेलेली. तिने आणखी किती पुस्तकांत लिहिलं असेल कोण जाणे. सापडलं होतं ते एकच, आणि ते मी रबराने पुसलं होतं.

चाचांनी माझं पुस्तक उचललं. बोटं लुंगीला पुसली, पान उजेडाकडे तिरपं धरलं. पेन्सिल दाबून लिहिलेली होती. कागदात तिचे वळ उमटलेले होते. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"हे का?"

"नाही, ते माझं. त्याच्या खाली."

ते पुन्हा बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "माझ्याच हातांनी जिल्द केली म्या ह्याची. दर साली हे पान उघडं ठिवलं. समोर हुती पोर, आन् मला वाचता न्हाई आलं." आणि चाचा रडले. मोठ्या माणसाला असं हमसून रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

मी म्हणाले, "चाचा, मी लिहून देते पुन्हा. शाईनं लिहिते. तस्संच."

त्यांनी मान हलवली. "तुजं अक्षर चांगलं हाय, पोरी. पन ते तुजं हाय."

"मग पुस्तक तुम्ही ठेवा. मला नको."

त्यांनी पुस्तक पुढ्यात ओढलं. पानं जुळवली, आकडे पाहिले, दोरा ओवला. संध्याकाळी मी गेले तेव्हा पुस्तक तयार होतं. पहिलं पान मोकळंच ठेवलेलं, कडेला नवी पट्टी. मी हात पुढे केला नाही, तेव्हा त्यांनी ते माझ्या दप्तरात घातलं.

"जून हाय," चाचा म्हणाले. "जूनमधी पुस्तकाबिगर ऱ्हाऊ नको. जा, उद्या शाळा हाय तुजी."

त्यानंतर मी मॅट्रिक होईपर्यंत दर जूनला बघत होते. पुस्तक घेऊन आलेल्या प्रत्येक मुलीला चाचा आधी पहिलं पान वाचायला लावायचे. नव्या मुलींना वाटायचं, म्हातारा चक्रम आहे. हमिदाचं नाव पुन्हा कुठे निघालं नाही.

ते पुस्तक मी पुढे कुणाला दिलं नाही. जिल्द अजून पक्की आहे. एकदा मी रबर घेऊन त्या पानावरचं माझं नाव पुसायला बसले, खालचे वळ नीट दिसावेत म्हणून. कागद फाटायला आला, तरी शाई गेली नाही.