हेमराजदाजींचा नवा डबा

हेमराज बोरसेंची उमर सुरतेत उधन्याच्या लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात गेली. खानदेशातून आले तेव्हा ते बॉबिन भरत. आता शेठ गावाला गेला की सगळं खातं त्यांच्याच इशाऱ्यावर चालायचं. इशाऱ्यावर म्हणजे खरोखरच इशाऱ्यावर. त्या खडखडाटात तोंडाचा उपयोग तंबाखूची पुडी खाण्यापुरताच. अशा माणसाला उतारवयात नाजूक आवाजाचा नाद लागला, याचं ते राहत त्या गोडादऱ्यातल्या सोसायटीला नवलच वाटलं.

सुरुवात केली त्यांच्या मुलीने. नूतन बँकेत लागली आणि दिवाळीला तिने वडिलांना चांगले स्पीकर दिले, मोबाइलवर गाण्यांची वर्गणीही भरली. दाजी खूश झाले. तिथेच थांबते तर बरं होतं. पण ते शौकिनांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपात शिरले. तिथे त्यांना कळलं, की आपण ऐकतो ते गाणं नव्हेच, गाण्याचं उष्टं आहे. इंटरनेटच्या वायरीतून गाण्यासोबत कचराही घरात येतो, आणि तो साध्या राउटरला गाळता येत नाही.

मग राउटर बदलला. मग अंगठ्याएवढी जाड वायर आली. शेवटी एका दुकानदाराने मखमलीत ठेवलेला काळा डबा पुढे केला. संगीतासाठी खास बनवलेला स्विच, म्हणजे इंटरनेटच्या वायरी जोडायचा डबा. राउटर आणि स्पीकरच्या मध्ये बसवायचा. याने नेमकं होतं काय, असं दाजींनी विचारलं, तर तो डोळे मिटून म्हणाला, "शेठ, कान होय तेने संभळाय." ज्याला कान आहेत त्याला ऐकू येईल! आता डबा न घेणं म्हणजे आपल्याला कान नाहीत अशी भर दुकानात कबुली देणं. दाजींनी डबा घेतला. बायकोचा, रंजनाबाईंचा मिक्सर पुन्हा पुढे ढकलला गेला.

रविवारी घरी बैठक भरू लागली. येणारे सगळे खात्यातले, दाजींच्या हाताखालचे. आपली पाळी दिवसाची की रात्रीची हे ज्याच्या हातात, त्याच्या घरी कोणालाही फरक ऐकू येतो. त्यांत रंजनाबाईंचा धाकटा भाऊ वाल्मिक सगळ्यांच्या पुढे. सुरती लोचोच्या फराळाची बशी हातात धरून त्याने सांगितलं, की आता आपल्याला तबलजीच्या बोटातली अंगठीसुद्धा ऐकू येते. रंजनाबाई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "कुकरनी शिट्टी तुमले ऐकू येत नही, आनि अंगठी ऐकू येस?"

एका रविवारी नूतनने परीक्षा सुचवली. पप्पांनी डोळ्यांवर रुमाल बांधायचा, ती कधी नवा डबा लावील, कधी काढील, त्यांनी ओळखायचं. दाजी हसत तयार झाले. गझल सुरू झाली. थोड्या वेळाने नूतन उठली, पण डब्याला तिने हात लावला नाही. स्पीकरला इंटरनेट आणणारी जाड वायरच उपटली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. गाणं चालूच राहिलं. ते केव्हाच पुरतं स्पीकरच्या पोटात येऊन बसलं होतं. वायरीचं काम संपलं होतं.

दाजींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "हा बघा, लागला नवा डबा," ते म्हणाले. "आवाजाच्या भोवतीची हवा कशी मोकळी झाली!"

कोणी हसलं नाही. वाल्मिकने भाचीच्या हातात लोंबणाऱ्या वायरीकडे एकदा पाहिलं, पुढच्या आठवड्याच्या पाळीचा विचार केला आणि म्हणाला, "हो दाजी, फारच मोकळी."

दाजींनी रुमाल काढला. वायर पाहिली, मग एकेकाचा चेहरा. त्यांनी स्पीकर बंद केला. मंडळी चपला शोधू लागली.

नूतनला वाईट वाटलं. पण तिने पिच्छा सोडला नाही, वडिलांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत दाजींना बसवलं, हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबायला सांगितलं. काचेपलीकडे एक मुलगी यंत्राची कळ फिरवत होती. तिचा हात हलला, पण कानात काहीच आलं नाही. पुन्हा हलला, पुन्हा काही नाही. जन्मभर दाजी हातच वाचत आले होते; तिचा हात हलला की ते बटण दाबू लागले. ते तिच्या लगेच लक्षात आलं आणि तिने पाठ फिरवली. बटण दाबणं थांबलं.

डॉक्टरांनी सौम्यपणे सांगितलं, की वरचे बारीक स्वर गेले आहेत, खात्यातल्या यंत्रांनी ते केव्हाच खाल्ले. कानाला मशीन लावा. दाजींनी विचारलं, "तुमच्या या यंत्राला वायर कसली आहे?"

मशीन त्यांनी घेतलं नाही. त्यात आवाजाला खोली नसते म्हणे. आठवडाभर स्पीकरवर रंजनाबाईंनी टाकलेलं कापड तसंच राहिलं. मग एके सकाळी दाजींनी ग्रुपवर आपला शोध लिहिला: सगळा कचरा वायरीतूनच येतो, म्हणून गाणं सुरू झालं की वायर काढावी, आवाज मोकळा होतो, हा स्वतः घेतलेला अनुभव आहे.

ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. रविवारची बैठक पुन्हा भरली, आणि प्रत्येक गाण्याला उठून वायर उपटायचं काम वाल्मिककडे आलं. ग्रुपातल्या एका जाणकाराने मात्र शंका काढली: काढायची असेल, तर कोणत्या कंपनीची वायर घेतलेली चांगली?