कलेजी मॅडम

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता पंचाहत्तरी उलटली. आणखी टाळलं तर राहूनच जाईल.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या कारखान्यात त्यांना सगळे ‘कलेजी मॅडम’ म्हणत. डोंबिवलीच्या, जन्मात अंडंही न खाल्लेल्या या बाई सकाळी खाटकाकडून बकऱ्याची कलेजी घेऊन, स्टीलच्या डब्यात घालून कामावर येत. मेंदूतली गाठ काढायचं उपकरण त्यांनी आखलं होतं. पेनाएवढ्या दांड्याच्या टोकाला टायटॅनियमची पोकळ टीप. ती इतकी झरझर थरथरे की मऊ गाठ भुगा होऊन सुटे आणि रक्तवाहिनी शाबूत राही. प्रत्येक टीप आधी कलेजीवर चालवायची, हा त्यांचा नेम.

"मॅडम, उरलेली आम्हाला द्या की, कांद्यावर परततो," फिटर म्हणायचे.

"टायटॅनियमचा चुरा पचेल का रे तुला?"

ती थरथर माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. "चांगली टीप मुकी असते, देसाई," त्या मला बजावत. "बोलली की समजायचं, आत तडा आहे." बोललेली टीप लाल झाकणाच्या डब्यात जाई. त्यातलं काही परत घ्यायचं नाही.

जुळणीचं काम माझ्याकडे होतं. कल्याणच्या एका रुग्णालयात उपकरण द्यायच्या दिवशी एक टीप कमी पडली. मॅडम रजेवर होत्या. मी लाल डब्यातली एक उचलून बसवली. बारीक शीळ आली. आटे अजून आवळले, शीळ थांबली. जोडच सैल होता, अशी मी स्वतःची समजूत घातली.

ऑपरेशन चालू असताना ती तुटली. तुकडा मिळाला, पण पेशंटचं डोकं उघडं ठेवून डॉक्टरांना तो शोधत बसावं लागलं. मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मॅडमनी माझ्याकडे वळून विचारलं,

"देसाई, ती टीप पास झालेली होती ना?"

"हो, मॅडम."

"मग माझंच डिझाइन चुकलं," त्या म्हणाल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी नोकरी सोडली आणि घरी मुलांना गणित शिकवू लागल्या. पुन्हा कधी काही आखलं नाही.

एकदा मी धीर करून डोंबिवलीला गेलो. त्यांनी पोहे केले, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग मध्येच म्हणाल्या, "टिपेची मान जराशी जाड ठेवायला हवी होती, नाही हो? अजून गणित मांडून बघते. चूक सापडतच नाही."

तीच वेळ होती. माझ्या तोंडून निघालं, "लिंबू आहे का?"

त्या लगबगीने लिंबू आणायला आत गेल्या.

गेल्या महिन्यात मॅडम वारल्या. त्यांना सांगायचं होतं ते एवढंच: मॅडम, तुमचं गणित बरोबर होतं. ती टीप बोलली होती, मीच तिला गप्प केलं. मला माफ करा.