आधी हात, मग बटन

भास्करदाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिल्लोडला एका कापसाच्या जिनिंगमध्ये कंट्रोल पॅनलसमोर उभा होतो. फोन ताईनेच केला होता. "दिनू, तुझे दाजी गेले रे... गाडी हळू चालव," एवढेच ती म्हणाली, आणि मागे कुणाला तरी पाणी द्यायला सांगितले. थोरल्या बहिणीचा तो स्थिर आवाज ऐकून मला वाटले, ही निभावून नेईल. आज दोन महिन्यांनी त्या स्थिरपणाचा उगम मला कळतो. आणि तिचा तो स्थिरपणा घडत असताना मी दाजींना किती चुकीचे समजत होतो, तेही कळते.

दाजींचा मुकुंदवाडीत दारांवर नक्षी कोरण्याचा छोटा कारखाना. वाळूजमधल्या एका कंपनीतली नोकरी सोडून त्यांनी सीएनसी मशीन घेतले. संगणकावर नक्षी द्यायची, की मशीनचे फिरते पाते ती सागावर उतरवते. माणूस मोठ्या आवाजाचा, आपल्या कामाची फुशारकी मारण्यात जराही संकोच नसलेला. गिऱ्हाईक भाव पाडू लागले की म्हणायचे, "दार राहू द्या, दाराचा फोटो न्या. फोटो फुकट हाय." गेल्या वर्षी पोटाचे दुखणे निघाले आणि डॉक्टरांनी जे सांगायचे ते स्पष्टच सांगितले. चार दिवसांनी दाजींनी मला बोलावून घेतले. "मेव्हणे, तुम्ही मशीनींच्या पडद्यावर बटनं बसवून देता ना? मंग इथं बसवा. माझ्यामागं हिला एकटीला हे चालवता आलं पायजे. अमोल तर विकायचंच म्हणतोय." अमोल हा त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला. आईने या वयात भुशात उभे राहू नये असे त्याला मनापासून वाटे. खरे सांगायचे तर मलाही वाटे.

तरी मी कामाला लागलो. अशा मशीनचा मूळ पडदा इंग्रजीत आणि आकड्यांनी गजबजलेला असतो. त्यावर रिकाम्या जागी आपले बटन आखता येते, त्याला नाव देता येते आणि त्यामागे आज्ञांच्या ओळी लिहून ठेवता येतात. बोट टेकवले की त्या ओळी क्रमाने पार पडतात. मी ताईसाठी अख्खा पडदा रंगीत मराठी बटनांनी भरून टाकला. सर्वांत अभिमान होता तो उंची ठरवण्याच्या बटनाचा. लाकडावर धातूची चकती ठेवायची आणि बटन दाबायचे. पाते सावकाश खाली येते, चकतीला टेकताच थांबते आणि तिथून उंचीचे शून्य धरले जाते. मात्र टेकल्याचे मशीनला कळावे म्हणून आधी पात्याला तारेचा चिमटा लावावा लागतो. ताईला हे समजावून सांगण्याच्या भरात मी चिमटाच लावला नाही. पाते चकतीवर आले, थांबले नाही, आणि कटकन मोडले.

दाजी खुर्चीत बसल्या बसल्या हसू लागले. "वा मेव्हणे! लई हुशार बटन हाय. फक्त चिमटा कुठं लटकतोय ते त्याला माहीत नाय." मग ताईकडे वळून म्हणाले, "बघ, तुला मोडायला काही ठेवलंच नाय तुझ्या भावानं."

त्याच दुपारी त्यांनी माझी सगळी बटने काढायला लावली. जे काम ताईच्या हाताला पक्के बसेल त्याचेच बटन करायचे, आणि त्याला नावही तिनेच द्यायचे, असा त्यांनी नियम घातला. तेव्हापासून ताई रोज मशीनपुढे उभी राहू लागली. कळ दाबून पाते थोडे थोडे खाली आणायचे, त्याखाली कागदाची पट्टी सरकवत राहायची, पट्टी अडली की तिथे शून्य धरायचे आणि पुढची आज्ञा एकेक अक्षर शोधून स्वतः टंकायची. दाजी दमले की बाकावर आडवे होत, पण डोळे तिच्याकडेच. "अगं, कागद अडला का चेंगरला? फरक कळतो का नाय?"

"कळतो. तुम्हाला करपलेली भाकर कळत नाय, मला हे बी कळतं."

एकदा मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "दाजी, तुम्ही तिला छळताय. बटन असताना कशाला एवढं..."

"बटन बिघडलं तर ती कुणाला फोन करंल?"

"मला."

"अन् तुम्ही कन्नडच्या घाटात असले तर? तवर तिनं दाराकडं बघत बसायचं व्हय?"

मला ते पटले नव्हते. आजारी माणूस आपली भीती बायकोवर काढतो आहे, असे माझे मत झाले, आणि ते मी अमोलला बोलूनही दाखवले. ते आठवले की आजही मान खाली जाते. पुढच्या महिन्यांत पडद्यावर हळूहळू ताईची बटने आली: "वर घे", "मधोमध ये", "भुसा झटकू दे". दाजी गेले तेव्हा तेवढीच झाली होती.

तेराव्यानंतर ताईने मशीन चालू केले. पुढच्याच आठवड्यात विजेचा दाब वर-खाली होऊन संगणकाची डिस्क गेली. दुकानदाराने नवी घालून दिली, पण पडदा मूळ अवस्थेत, इंग्रजीतच, उघडला. नक्ष्या तेवढ्या पेनड्राइव्हवर होत्या म्हणून वाचल्या, पण पडद्यावर ताईचे एकही बटन उरले नव्हते. कन्नडच्या एका घराची वास्तुशांत तोंडावर आली होती आणि त्यांचे दार कोरायचे राहिले होते. अमोलने मला फोन केला. "मामा, आता तरी तिला सांगा. गिऱ्हाईक तयार आहे, मशीन देऊन टाकू." मी जुन्या बटनांची प्रत घेऊन मुकुंदवाडीला निघालो आणि वाटेत, तिला हे कसे सांगावे याची वाक्ये जुळवत राहिलो.

गल्लीतच मशीनचा आवाज ऐकू आला. आत ताई नाकाला ओढणी बांधून उभी होती, कागदाची पट्टी अजून बोटांत होती, आणि सागावर वेल उमटत होती. मला पाहून तिने स्टूल पायाने पुढे सरकवले. "बस. भुसा उडतोय, तोंड मिटून बस." तेवढ्यात अमोलचाच फोन आला. तिने तो कानाला लावला, त्याचे सगळे बोलणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अरे, संगणक बंद पडला होता. मी नाय." जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही मी उच्चारले नाही. विकण्याचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही, आणि वास्तुशांतीला दार वेळेवर पोचले.

बटने मी त्याच संध्याकाळी परत बसवली. आता ताई स्वतःही नवी बसवू लागली आहे. परंतु दर सोमवारचे पहिले दार ती बटनांना बोट न लावता, एकेक आज्ञा टंकून, मशीनवर हातानेच जुळवते. त्यात बराच वेळ जातो. गेल्या सोमवारी मी तिथे होतो, म्हणून विचारले, "ताई, हे आता कशासाठी?"

"सवय मोडली तर ते ओरडतील," ती म्हणाली, आणि वाकून पात्याखाली कागद सरकवू लागली.